गोव्याच्या पावसाळ्यासाठी घराच्या बाहेरच्या भिंतींचे आवरण कसे निवडावे

बाहेरच्या भिंतीला गिलावा करावा, चिरा म्हणजे जांभा दगड उघडा ठेवावा, पत्रा मारावा की फायबर सिमेंटच्या फळ्या बसवाव्यात, हा प्रश्न गोव्यात बहुतेक घरांत चवथीच्या महिनाभर आधी निघतो, आणि तो सोडवण्याची ती सर्वांत वाईट वेळ असते. श्रावणात भिंत पाण्याने भरलेली असते. तिच्यावर घाईने रंग चढवला की दिवाळीपर्यंत त्याला फोड येतात आणि पुढच्या मिरगानंतर त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून या लेखात सांगितलेला क्रम वेगळा आहे: पाहणी भर पावसात करावी, निवड चवथीनंतर शांतपणे करावी आणि काम तुळशीच्या लग्नानंतर सुरू करून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाच्या, आधी संपवावे. साहित्याचे नाव या क्रमात बरेच शेवटी येते, कारण जे आवरण पश्चिमेच्या भिंतीला हवे असते त्याची पूर्वेच्या भिंतीला पुष्कळदा गरजच नसते, आणि काँक्रीटच्या ठोकळ्यांना जे मानवते ते चिऱ्याला मानवेलच असे नाही.

आवरणांविषयी इंटरनेटवर सापडणारी बरीचशी माहिती कॅनडा, नॉर्वे, उत्तर अमेरिका अशा कडक हिवाळ्याच्या प्रदेशांतील घरांसाठी लिहिलेली आहे, हे आधी लक्षात घ्यावे. तिथे भिंतीच्या छिद्रांत शिरलेले पाणी गोठते, गोठताना ते सुमारे ९ टक्क्यांनी फुगते, आणि हे एकाच हिवाळ्यात अनेकदा घडल्यामुळे वीट व गिलावा फुटतो. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण त्याचे काम मीठ करते. पावसाळाभर भिंतीत मुरलेले पाणी ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर येऊ लागते तेव्हा त्यात विरघळलेले क्षार पृष्ठभागाच्या आतल्या बाजूस स्फटिक होऊन बसतात, आणि वाढणारे स्फटिक दगडाचा वरचा थर आतून ढकलून सोडवतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. हिमप्रदेशातील अनुभवातून घेण्याजोगी गोष्ट म्हणजे तिथल्या बांधकामशास्त्राने लावलेला क्रम: पाणी भिंतीपासून दूर वळवावे, तरीही आत गेलेले निथळू द्यावे, उरलेली ओल वाळू द्यावी, आणि त्यानंतर टिकाऊ साहित्याचा विचार करावा. गोव्याच्या किनारपट्टीवर वर्षाला साधारण २५०० ते ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, सत्तरी आणि सांगेच्या डोंगराळ भागात त्याहूनही अधिक. एवढ्या पावसात बाहेरची भिंत भिजणारच. ती किती लवकर वाळते यावर तिचे आयुष्य ठरते.

पहिली पायरी: जुलैमधील पाहणी

जुलै हा आपल्याकडचा सर्वाधिक पावसाचा महिना असतो. वाऱ्यासह सलग दोन-तीन दिवस पाऊस झाल्यावर खडू आणि वही घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि प्रत्येक भिंतीसाठी वहीचे वेगळे पान ठेवावे. भिंत कुठपर्यंत भिजली आहे, पागोळ्यांचे पाणी जमिनीवर पडून किती उंच उडते, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून ओघळ येतात का, शेवाळ कोणत्या पट्ट्यात धरले आहे, हे लिहून ठेवावे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत जवळजवळ नेहमीच जास्त भिजते. परंतु शेजारचे घर, माडांची रांग किंवा टेकडीचा उतार यांमुळे हे चित्र बदलते, म्हणून केवळ दिशेवरून अंदाज न बांधता प्रत्यक्ष बघावे. घराच्या आतूनही त्याच भिंतीला हात लावून पाहावा आणि ओलीची कड खडूने आखून शेजारी तारीख घालावी. पुढच्या आठवड्यात ती कड वर सरकली आहे की खाली, यावरून पाणी जोत्यातून वर चढते आहे की बाहेरून झिरपते आहे याचा बराच उलगडा होतो.

दुसरी पायरी: भिंत कशाची आहे ते शोधणे

जुन्या घरांत चिरा मातीत किंवा चुन्यात रचलेला असतो, सत्तर-ऐंशीच्या दशकांनंतरच्या पुष्कळ घरांत तो सिमेंटमध्ये असतो, आणि अलीकडच्या घरांत काँक्रीटचा सांगाडा उभारून मधली जागा चिऱ्याने किंवा ठोकळ्यांनी भरलेली असते. गिलाव्याखाली काय आहे हे माहीत नसेल, तर विजेच्या पेटीमागे किंवा जोत्याजवळ तळहाताएवढा तुकडा उकलून पाहावा. सांध्यातील मसाला नखाने खरवडला जात असेल तर तो मातीचा किंवा चुन्याचा आहे, आणि अशा भिंतीवर कडक सिमेंटचे कवच चढवणे धोक्याचे असते.

हे मी आमच्या डिचोलीच्या घरावरून शिकलो. आजोबांच्या काळातली पश्चिमेची भिंत चुन्याच्या गिलाव्याची होती. तो जागोजागी सुटू लागला म्हणून एका ठेकेदाराच्या सल्ल्याने आम्ही तिच्यावर दाट सिमेंटचा गिलावा करून घेतला आणि वर जलरोधक रंगाचे दोन हात दिले. चार पावसाळे भिंत देखणी दिसली. पाचव्या वर्षी मार्च महिन्यात, बाहेर सगळे कोरडे ठणठणीत असताना, आतल्या खोलीत गुडघाभर उंचीवर ओल दिसली. मुठीने ठोकले तेव्हा गिलावा बद्द वाजला आणि थापीच्या टोकाने उचकटताच त्याचा परातीएवढा तुकडा हातात आला. मागचा चिरा ओला होता. बोट दाबले तर ओल्या गुळाच्या ढेपेसारखा त्याचा कण न् कण निघत होता. केसाएवढ्या भेगांतून पाणी आत गेले होते, आणि सिमेंट व रंग यांमुळे त्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती. ज्या घरांत मातीत किंवा चुन्यात रचलेला चिरा आहे, त्यांच्या मालकांनी एवढी एक गोष्ट तरी मनावर घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भिंतीत ओल आहे का हे तपासण्याची घरगुती रीत अशी आहे: हातभर लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करावे आणि दोन दिवसांनी पाहावे. आतल्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले तर भिंत अजून वाळलेली नाही, आणि तिच्यावर कोणतेही आवरण चढवू नये.

तिसरी पायरी: आवरणाआधीची दुरुस्ती

छपराचा पाख भिंतीच्या बाहेर किती येतो हे मोजावे. कौलारू घरात तो दोन ते तीन फूट असेल तर एकमजली भिंतीचा वरचा बराच भाग आपोआप राखला जातो. नव्या सपाट स्लॅबच्या घरांची भिंत मात्र माथ्यापासून पायापर्यंत उघडी असते, आणि तिथे छज्जा वाढवणे किंवा लोखंडी सांगाड्यावर पत्र्याची पडवी काढणे हे कोणत्याही महागड्या आवरणापेक्षा जास्त उपयोगी पडते. छज्जाच्या खालच्या कडेला बोटभर रुंदीची सलग खाच असली म्हणजे पाणी तिथेच गळून पडते. खाच नसेल तर ते छज्जाच्या पोटावरून सरकत भिंतीपर्यंत येते. वळचणीखाली पन्हळ नसेल तर जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी, म्हणजे तांबड्या चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडणार नाहीत. जोते जमिनीपासून दीड फुटापेक्षा कमी उंच असेल, तर त्या पट्ट्यात लाकूड, बोर्ड किंवा पत्रा खालपर्यंत आणू नये.

चौथी पायरी: साहित्याचा विचार

उघडा चिरा अनेकांना हवा असतो, आणि चांगला चिरा खरोखरच सुंदर दिसतो. त्याचा स्वभाव मात्र समजून घ्यावा. चिरा सच्छिद्र असतो. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो आणि हवेत उघडा राहिला की कडक होतो, म्हणून जुने गवंडी तो काही काळ रचून ठेवत आणि मगच वापरत. भारतीय मानक आयएस ३६२० प्रमाणे बांधकामाच्या चिऱ्याने वजनाच्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये. हे आपणही तपासू शकतो. पूर्ण वाळलेला चिरा तोलावा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा, पुसून पुन्हा तोलावा. कोरडा ३० किलो भरला असेल तर भिजल्यावर तो ३३.६ किलोच्या वर जाऊ नये. पिवळ्या-पांढऱ्या मातीचे खिसे असलेले आणि ठोकल्यावर बद्द वाजणारे चिरे दर्शनी भिंतीसाठी बाजूला काढावेत.

उघड्या चिऱ्याचे सर्वांत मोठे उदाहरण जुन्या गोव्यात आपल्या डोळ्यांसमोर आहे. १६०५ मध्ये अभिषेक झालेल्या बॉम जेझुस बासिलिकेचा बाहेरचा गिलावा १९५०च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून तिचा चिरा थेट पाऊस खातो आहे. दगडाची झीज दिसू लागल्यामुळे तिला पुन्हा गिलावा करावा की नाही, ही चर्चा अलीकडच्या वर्षांत गांभीर्याने झाली. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल मात्र आजही पांढऱ्या गिलाव्यात आहे. त्या काळच्या बांधणाऱ्यांनी चिऱ्यावर चुन्याचे कवच गृहीत धरले होते, हे या दोन वास्तूंमध्ये उभे राहिले की कळते. माझे मत असे की पाखाखाली सुरक्षित राहणाऱ्या भिंतीला किंवा व्हरांड्याच्या आतल्या बाजूला चिरा उघडा ठेवावा, वाऱ्याच्या माऱ्यातील भिंतीला ठेवू नये. ठेवायचाच असेल तर सांधे चुन्याच्या मसाल्याने नीट भरावेत आणि सिलेन-सिलॉक्सेन जातीचे, छिद्रे बंद न करणारे जलप्रतिकारक द्रव्य वाळलेल्या दगडावर द्यावे. चकाकी देणारा वॉर्निश चिऱ्यावर कधीही देऊ नये, कारण तो आतली ओल कोंडतो आणि काही काळाने पांढरा पडून सुटतो.

चुन्याचा गिलावा हा जुन्या चिऱ्याच्या भिंतीसाठी माझा पहिला पर्याय आहे. गोव्यात पूर्वी शिंपल्यांचा चुना भाजत, आणि त्यात गूळ घालण्याची रीत होती. चुना फोडल्यावर किमान दोन आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. जितका जास्त मुरेल तितका तो लोण्यासारखा होतो. एक भाग चुना आणि अडीच ते तीन भाग धुतलेली, मिठाचा अंश नसलेली वाळू घ्यावी. भिंत दमट जागी असेल तर मसाल्यात विटांची बारीक पूड, म्हणजे सुरखी घालावी, कारण तिच्यामुळे चुना ओलीतही धरतो. गिलावा दोन-तीन पातळ थरांत करावा, प्रत्येक थराला सवड द्यावी आणि ओल्या गोणपाटाने तो उन्हापासून झाकावा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश कडक होतो, म्हणून या कामात घाई करता येत नाही आणि सिमेंटच्या सवयीचा गवंडी इथे चुकतो. चुन्याचे काम पूर्वी केलेला माणूस मिळत नसेल, तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग वाळू हा मधला मार्ग नव्या चिऱ्याच्या भिंतीला चालतो. वर चुन्याचा हात किंवा वाफ बाहेर जाऊ देणारा सिलिकेट रंग द्यावा.

काँक्रीटचा सांगाडा आणि ठोकळ्यांच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा योग्यच आहे, फक्त तो नीट व्हायला हवा. काँक्रीट आणि भिंत जिथे भेटतात तिथे कोंबडीजाळी ठोकल्याशिवाय गिलावा करू देऊ नये, कारण दोन्ही साहित्ये उष्णतेने वेगवेगळी हलतात आणि तिथेच उभी भेग पडते. गिलावा दोन थरांत करून किमान सात दिवस पाणी मारावे आणि रंगापूर्वी चार आठवडे थांबावे. समुद्राची वाळू कोणत्याही सबबीवर स्वीकारू नये, कारण तिच्यातील क्षार लोणा आणतात आणि सळ्या गंजवतात.

पत्रा हा गोव्यातील अनेक घरांचा पश्चिमेचा आधार आहे. पूर्वी आगोटीला मातीच्या आणि उघड्या चिऱ्याच्या भिंतींवर विणलेल्या झावळ्या बांधत आणि पावसाळा संपला की त्या काढून टाकत. मोसमापुरते लावायचे आणि मागे हवा खेळती ठेवायची, हा त्या पद्धतीतला गुण आजच्या पत्र्यानेही घ्यावा. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा ॲल्युमिनियम-जस्त मुलाम्याचा पत्रा किनाऱ्यालगत जास्त टिकतो. त्याच्या मुलाम्यात वजनाने ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असते, आणि वर रंगाचा थर असतो. पत्रा भिंतीला चिकटवून न लावता पट्ट्यांवर बसवावा. भोके पाडल्यावर पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी ब्रशने झाडून घ्यावा, नाहीतर पहिल्या सरीनंतर प्रत्येक कणाभोवती तांबडा डाग उमटतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

फायबर सिमेंटचे बोर्ड मला नव्या घरांच्या वरच्या मजल्यासाठी समाधानकारक वाटतात, कारण त्यांना वाळवी लागत नाही, ते जळत नाहीत आणि पाण्याने कुजत नाहीत. खरेदी करताना ॲस्बेस्टॉसरहित आणि बाहेरच्या वापरासाठी बनवलेलाच बोर्ड मागावा. आतल्या छतासाठीचा बोर्ड दिसायला सारखाच असतो, पण पावसात टिकत नाही. कापलेल्या कडांना बसवण्यापूर्वीच सीलर किंवा रंग द्यावा, दोन बोर्डांत कंपनीने सांगितलेली फट सोडावी आणि खालची कड जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर ठेवावी.

लाकडाच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे तर सागाच्या किंवा जुन्या फणसाच्या फळ्या पाखाखाली शोभतात, उघड्या पश्चिम भिंतीवर त्यांना दरवर्षी तेल द्यावे लागते. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल, म्हणजे डिंबेल, होड्यांना आणि वाशांना लावत आले आहेत. ते वापरायचे असल्यास हातमोजे घालावेत, कारण ते कातडी भाजते. फळ्यांची मागची बाजू आणि आडवी कापलेली टोके बसवण्यापूर्वीच तेलात भिजवावीत. वाळवीचा प्रश्न असलेल्या जागी लाकडाचा नादच सोडावा.

व्हिनाइलच्या फळ्या हिमप्रदेशात स्वस्त आणि सोयीच्या म्हणून चालतात. त्या उष्णतेने बऱ्याच लांबतात, सुमारे साडेतीन मीटरच्या फळीत हा फरक १२ मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्या खिळ्यावर सैल टांगाव्या लागतात. आपल्याकडच्या गवंड्याला आणि सुताराला घट्ट ठोकण्याची सवय असल्याने त्या उन्हात फुगून वाकतात. मी त्यांची शिफारस करत नाही. ॲल्युमिनियमच्या संमिश्र पाट्यांत प्लास्टिकचा गाभा असेल तर त्या घराला लावूच नयेत. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली अशाच गाभ्याच्या आवरणावरून आग चढली आणि ७२ माणसे गेली. दगडी लाद्या किंवा व्हिट्रिफाइड टाइल्स लावायच्या असतील, तर सिमेंटच्या चार गोळ्यांवर चिकटवण्याची पद्धत नाकारावी. मागे राहिलेल्या पोकळीत पाणी साचते, आणि व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषत असल्यामुळे साधे सिमेंट तिला धरत नाही. तिला पॉलिमरयुक्त चिकटद्रव्य पूर्ण पाठीवर लागते.

पाचवी पायरी: बसवण्याचा तपशील ठेकेदाराकडून लिहून घेणे

पत्रा, बोर्ड किंवा लाकूड यांपैकी काहीही निवडले तरी भिंत आणि आवरण यांच्यामध्ये २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. ती खाली आणि वर दोन्ही ठिकाणी उघडी असावी, आणि तोंडाशी किडे, पाली व उंदीर जाणार नाहीत अशी बारीक जाळी असावी. उभ्या पट्ट्यांवर आवरण बसवले तर पाणी मागे सरळ निथळते. आडव्या पट्ट्या लावल्यास त्यांच्या माथ्यावर पाणी अडते, म्हणून त्यांच्याखाली आधी उभ्या पट्ट्या द्याव्यात. खिडकीच्या वर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी भिंतीत खोवून पुढे काढावी. नुसत्या सिलिकॉनच्या भरवशावर ही जागा सोडू नये, कारण सिलिकॉन काही वर्षांत उन्हाने सुटतो.

स्क्रूंवर काटकसर करू नये. समुद्रालगतच्या मांद्रे, हरमल, कोलवा अशा भागांत साधे जस्ताचे स्क्रू लवकर गंजतात आणि आवरण शाबूत असताना स्क्रूचे डोके उडते. तिथे ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील मागावे. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते, ते ३०४ प्रतीत नसते, आणि त्यामुळेच ते खाऱ्या हवेला अधिक तोंड देते. स्टेनलेस स्क्रू ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लावताना मध्ये रबरी वॉशर असावाच, कारण दोन धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना टेकले की त्यांतला दुबळा धातू झिजतो.

सगळी भिंत एकदम करण्यापूर्वी सर्वांत जास्त भिजणाऱ्या कोपऱ्यात मीटरभर लांब-रुंद नमुना करून घ्यावा, आणि शक्य असेल तर त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. हा सल्ला ऐकताना उशिराचा वाटतो, पण ३० चौरस मीटरची भिंत पुन्हा उकलण्यापेक्षा एक चौरस मीटर उकलणे परवडते. सामान मागवताना खिडक्या-दारे वजा करून येणाऱ्या क्षेत्रफळात दहा टक्के तुटफूट धरावी आणि उरलेल्या दोन-तीन फळ्या किंवा बोर्ड माळ्यावर ठेवावेत, कारण पाच वर्षांनी तोच रंग मिळत नाही.

दरवर्षीची देखभाल

शिगमा आटोपला की भिंतीवर फिरून ठोकून पाहावे, बद्द वाजणाऱ्या जागा खडूने आखाव्यात आणि त्या एप्रिलमध्ये उकलून पुन्हा भराव्यात. शेवाळ कोरडे असताना ताठ ब्रशने काढावे. तारेचा ब्रश चिऱ्यावर वापरू नये, कारण त्याचे तुटलेले कण दगडात अडकून गंजतात. लोणा दिसला तर तो कोरड्या ब्रशने झाडून घमेल्यात गोळा करावा आणि घरापासून दूर टाकावा. त्यावर पाणी मारले तर क्षार विरघळून परत भिंतीत जातात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आवरणाच्या खालच्या जाळीतून कुंभारमाशीची घरटी, पाने आणि माती काढावी, आणि बादलीभर पाणी वरच्या फटीतून ओतून ते खालून मोकळे बाहेर येते का ते पाहावे.